तानुबाईनं शेंदूर खरवडला

डॉक्टरनं मला रोज चालायला सांगितलं, तेव्हा सोसायटीतल्या लोकांनी मला जॉगिंग ट्रॅक दाखवला. मोशीत हल्ली प्रत्येक सोसायटीला असा एक ट्रॅक असतो. रिटायर झालेली माणसं त्यावर गोल गोल फिरतात आणि पार्किंगवरून भांडतात. मी एकतीस वर्षं भोसरीच्या एका फोर्जिंग कंपनीत फिटर म्हणून काढली. तिथं एकाच मशीनभोवती इतका फिरलोय की आणखी गोल फिरायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी सकाळी स्कूटर काढायचो, इंद्रायणीचा पूल ओलांडून चाकणच्या बाजूला कुरणवाडीच्या फाट्यावर लावायचो आणि माळावरच्या पाऊलवाटेनं चालू लागायचो.

त्या वाटेवर तानुबाई भेटली. भेटली म्हणजे, तिनं मला अडवलं.

"चपला काढा," ती म्हणाली.

मी म्हटलं, का? हे काय देऊळ आहे? देऊळ असतं तरी मी काही पाया पडणारा माणूस नाही.

"देऊळ न्हाई म्हणून तर काढा. देवाला राग आला तर त्यो दावतो. मेलेली माणसं कुणाला सांगणार?"

साठी ओलांडलेली, काटक बाई, पदर कंबरेला खोचलेला, स्वतःच्या चपला हातात. तिच्या बोलण्यात विनंती अजिबात नव्हती. मला कुणी हुकूम सोडलेला आवडत नाही, युनियनमध्येही माझं त्यावरून वाजायचं. पण ती अनवाणी उभी होती आणि मी बूट घालून, म्हणून मी बूट काढले.

त्या माळावर मोठाले धोंडे गोल मांडलेले आहेत. असे सात गोल. काही धोंडे कमरेएवढे उंच, काही निम्मे जमिनीत गेलेले, आणि प्रत्येक गोलाच्या मध्ये दगडगोट्यांचा उंचवटा. लांबून बघितलं तर धान्य मळायची खळी वाटतात, म्हणून वाडीत त्याला खळ्यांचा माळ म्हणतात. पूर्वी कधीतरी पुण्याच्या कॉलेजातले एक सर विद्यार्थ्यांना घेऊन आले होते. त्यांनी टेप लावून मोजमापं घेतली आणि सांगितलं की या कबरी आहेत, दोन-अडीच हजार वर्षांच्या. वाडीला त्याचं नवल वाटलं नाही. तिथं माणसं पुरलेली आहेत हे वाडीला ठाऊकच होतं, सरांनी फक्त साल सांगितलं. वाडी त्यांना 'जुनी माणसं' म्हणते. माळ लागला की चपला हातात घ्यायच्या, शीळ घालायची नाही, गोलाच्या आतून जायचं नाही, एवढाच त्यांचा मान. नारळ नाही, अगरबत्ती नाही, जत्रा तर नाहीच.

तानुबाई रोज सकाळी सहाला तो माळ ओलांडायची. पलीकडे एका कंपनीच्या मेसमध्ये ती चपात्या लाटायला होती. डांबरी रस्त्यानं गेलं तर चार किलोमीटरचा वळसा, माळावरून वीस मिनिटं. नवरा किसन त्याच कंपनीत हेल्पर होता, आठ वर्षांपूर्वी गेला. मुलगा धनेश तळवड्याला फ्लॅटमध्ये राहतो, आयटी पार्कात कसलीशी गाडी चालवतो. आई, ये इकडे, असं दर रविवारी फोनवर म्हणतो. ही जात नाही.

का जात नाही ते मला तीन-चार आठवड्यांनी कळलं. आम्ही तोवर सोबत चालायला लागलो होतो. रोज एका ठिकाणी ती थांबायची, चौथ्या गोलाच्या जरा अलीकडे. दोन मिनिटं उभी राहायची, पुन्हा चालू लागायची. मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं.

"माजी पोरगी हाय हितं. नऊ दिवसांची व्हती."

मग तिनं वाडीची जुनी रीत सांगितली. दात न आलेलं लेकरू गेलं तर त्याला जाळत नाहीत, पुरतात. इतर गावं नदीकाठी पुरायची. कुरणवाडीनं मात्र आपली लेकरं या गोलांच्या शेजारी पुरली. कारण काय, तर तिथं जुनी माणसं आहेत, लेकराला एकटं वाटणार नाही. पुरायला घरचा बाप्या जायचा. बाळंतिणीनं जायचं नसतं. सव्वा महिना झाला की सासू तिला घेऊन यायची, जागा दाखवायची, आणि सांगायची की आता रडून घे, घरी गेल्यावर हा विषय नाही. पुढं दवाखाने झाले, लेकरं जगायला लागली, रीत थांबली. त्या जागांवर खूण ठेवलेली नाही. खूण ठेवायची नसते.

"बेचाळीस वर्सं झाली," ती म्हणाली. "रोज येती मी. येका दिवसाची सुट्टी न्हाई."

मी धाराशिवकडचा. बहात्तरच्या दुष्काळात बापानं आम्हाला कासारवाडीच्या चाळीत आणलं. गावाकडं आमच्या लोकांची पुरायची जागा वेगळी होती, गावाबाहेर ओढ्यापाशी. तिच्यावरून पुढं बायपास गेला. माझा आजोबा त्या रस्त्याखाली आहे आणि आमच्यातल्या एकानंही तेव्हा तोंड उघडलं नाही. मी कामावर होतो. ओव्हरटाइम चालू होता. हे मी तानुबाईला सांगितलं आणि मला माझीच लाज वाटली.

गेल्या हिवाळ्यात माळाला तारेचं कुंपण घालायला माणसं आली. मोठाल्या गोडाऊनांचा पार्क होणार होता. जमीन मूळची कुणाकुणाची, मध्ये दोन हात बदललेले, आता एका कंपनीच्या नावावर. कुंपणात पाऊलवाटही गेली आणि सातही गोल गेले. जेसीबी सोमवारी येणार, असं रविवारी कळलं.

वाडीत ज्योतीराम नावाचा पंचायत सदस्य आहे. पस्तिशीचा, जिममध्ये कमावलेला, बुलेटवाला, पण मनानं वाईट नाही. माळ जाऊ नये असं त्यालाही वाटत होतं. त्यानं आमच्या पट्ट्यातली पेटंट युक्ती केली. रस्ता रुंद करायला आले, प्लॉटची हद्द सरकवायला आले, की लोक एखाद्या दगडाला शेंदूर फासतात. ड्रायव्हर जेसीबी बंद करून खाली उतरतो, हात जोडतो, आणि काम सहा महिने तरी लांबतं. पोलिसांना जमत नाही ते किलोभर शेंदरानं जमतं. ज्योतीरामनं चार पोरं घेतली आणि रविवारच्या एकाच दुपारात सातही गोलांतला एकेक मोठा धोंडा तेलशेंदरानं लाल केला. सगळ्यात मोठ्या धोंड्याला चांदीचे डोळेसुद्धा बसवले. वर भगवी पताका. फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकले.

सोमवारी जेसीबी आला आणि खरंच परत गेला. वाडीत पेढे वाटले.

मंगळवारी कंपनीचे साहेब आले. मला वाटलं होतं ते चिडतील. ते बूट काढून आत आले, मोठ्या धोंड्यासमोर नारळ फोडला, कपाळाला शेंदूर लावून घेतला आणि ज्योतीरामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, भाऊ, एवढं जागृत देवस्थान आणि असं उन्हात? आम्ही याला हायवेच्या गेटपाशी संगमरवरी मंदिर बांधून देतो. सभामंडप, नळ, वर्षाला भंडारा. गुरुजी आणून विधिवत देव हलवू, हे सात दगड सन्मानानं तिकडे नेऊ. मग हा माळ मोकळा.

ज्योतीरामला हे अपेक्षित नव्हतं. पण नाही तरी कशाला म्हणायचं? देवाला मंदिर मिळत होतं. वाडीनं माना डोलावल्या. ज्योतीरामची आई रुक्मिणीबाई पुढच्या ओळीत बसली होती, तिनंही डोलावली. पंधरा दिवसांनंतरचा मुहूर्त निघाला. त्याच्या दोन दिवस आधी मंडल अधिकारी जागेची पाहणी करून पंचनामा करणार होत्या, इथं दफनभूमी नाही, वहिवाट नाही, असं लिहायला. वहिवाटीचा आणि दफनाचा एक अर्ज मात्र कार्यालयात पडलेला होता. तो तानुबाईनं सांगितला आणि मी लिहिला होता, त्यावर एकच सही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तानुबाई माळाच्या कडेला माझी वाट बघत थांबली होती. तिला इतकं चिडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"नागसेनभाऊ, तुमच्याकडं तारेचा ब्रश आसंल. गंज काढायचा."

"आहे. कशाला?"

"शेंदूर काढायचाय."

मी म्हटलं, उद्या मी येतो, दोघं मिळून काढू, डिझेल आणतो, तेलाचा थर आहे, डिझेलशिवाय सुटायचा नाही.

"डिझेल नगं. लेकरं हाईत तितं. आन् तुमी हात लावायचा न्हाई."

"का?"

मला उगाच विचारल्यासारखं झालं.

"तुमी हात लावला तर माळाचं ऱ्हाईल बाजूला. कुणी लावला, कुन्या समाजाचा लावला, हेच गाव बोलत बसंल. तुमच्या घरावर जातील लोकं. मी लावला तर मलाच बोलतील. मला बोलू द्या."

खरं होतं ते. आणि ते खरं आहे याचाच मला संताप आला. साठीतला माणूस मी, त्या दगडांना देव मानत नाही, कबर मानतो, आणि मी कबरीवरचा रंग पुसू शकत नाही, कारण माझं आडनाव विचारलं जाईल. मी ब्रश दिला. दुसऱ्या दिवशी वीस लिटरचे दोन कॅन गरम पाणी स्कूटरला बांधून आणलं. ते चालत होतं, पाणी आणलं म्हणून कुणी घर जाळत नाही.

तिनं मेसमधून कपड्याचा सोडा आणला होता. पहिल्या धोंड्यावर सोड्याचं पाणी ओतलं आणि घासायला सुरुवात केली. चपात्या लाटून तयार झालेले हात होते, चालायला लागले की थांबत नव्हते. लाल पाणी गवतातून वाहायला लागलं. अर्ध्या तासात वाडी गोळा झाली. बायका तोंडाला पदर लावून उभ्या. ज्योतीराम बुलेटवरून आला तो गाडी स्टँडला न लावताच धावला.

"काकू, डोकं फिरलंय का? देवाचा शेंदूर काढताय तुम्ही."

"कुटला देव?"

"हा. हा काय समोर."

"नाव सांग त्याचं."

ज्योतीराम गडबडला. नाव कुणी ठेवलंच नव्हतं, एवढा विचार करायला रविवारच्या त्या दुपारी वेळ कुठं होता. मागून एक पोरगा म्हणाला, म्हसोबा. दुसरा म्हणाला, वेताळ. तानुबाईनं ब्रश खाली ठेवला नाही.

"ही माणसं हाईत, ज्योतीराम. देव हलवता येतो. गुरुजी आणला, मंत्र म्हटला, उचलला की चालला. मेलेलं माणूस न्हाई हलवता येत. तू त्यांना देव केलंस म्हणून त्ये उचलायला निघालेत. मी त्यांना परत माणूस करती."

कुणीतरी मागून माझ्याकडं बोट दाखवून काहीतरी बोललं. तानुबाईनं ते ऐकलं. ती वळून एवढंच म्हणाली, "त्यांनी पाणी आणलंय. तुमी काय आणलंत?" त्यावर ते बोट खाली आलं. पण मदतीला कुणी आलं नाही. सात धोंड्यांना तिला चार दिवस लागले. बोटांची सालं गेली. तिसऱ्या दिवशी मेसच्या ठेकेदारानं निरोप पाठवला की उद्यापासून येऊ नका. गावात बोलणंचालणं बंद झालं, दळणाच्या गिरणीत तिचा डबा मागं ठेवायला लागले.

चौथ्या दिवशी चांदीचे डोळे काढून तिनं रुमालात बांधले आणि ज्योतीरामच्या घरी नेऊन दिले. दार रुक्मिणीबाईनं उघडलं. दोघी एका वयाच्या, एकाच वर्षी लग्न होऊन वाडीत आलेल्या. रुक्मिणीबाईनं रुमाल घेतला आणि दार लावलं.

काम सुटल्यावर तानुबाईला माळ ओलांडायचं कारण उरलं नव्हतं. तरी ती सकाळी सहाला निघायची, कुंपणाची तार वाकवून आत शिरायची, पलीकडे मेसच्या गेटपर्यंत जायची आणि परत यायची. वॉचमन ओरडायचा. ती म्हणायची, "काम गेलं, वाट न्हाई गेली."

पंचनाम्याच्या दिवशी मंडल अधिकारी मॅडम जीपमधून उतरल्या. बरोबर तलाठी, भूकरमापक आणि कंपनीचे साहेब. सगळी वाडी आली होती, कारण दोन दिवसांनी मुहूर्त होता आणि शेंदूर पुन्हा लावायचा की नाही हे ठरायचं होतं. मॅडमनी धोंडे बघितले, नोंद केली, मग अर्ज काढला.

"तानुबाई किसन येळवंडे कोण? तुमचं म्हणणं आहे इथं दफन झालेलं आहे. जुनं ते पुरातत्त्ववाले बघतील, त्यांना मी कळवीन. तुमच्या माहितीतलं काही आहे?"

"हाय."

ती चौथ्या गोलाकडं गेली. त्यातल्या टोकदार धोंड्याला पाठ लावली, नदीकडं तोंड केलं आणि पावलं मोजत निघाली. मोठ्यानं मोजत. अकराला थांबली.

"हितं."

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, समजुतीनं हसले. म्हणाले, मॅडम, आजींच्या भावनांचा आदर आहे, पण ना खूण, ना दाखला, ना मयताची नोंद. नावसुद्धा नाही. पंचनाम्यात लिहिणार काय?

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी विचारलं, "नाव काय होतं मुलीचं?"

"बाराव्या दिवशी बारसं आसतं. ती नवव्या दिवशी गेली. नाव न्हवतं."

साहेबांनी हात पसरले. तानुबाई त्यांच्याकडं बघत नव्हती.

"नव्हतं तर आता ठिवती," ती म्हणाली. "लिवा. छबू. माज्या आईचं नाव हाय. छबू किसन येळवंडे. वय नऊ दिस."

मॅडमनी लिहिलं. मला इतका अभिमान वाटला की मी पुढं झालो आणि म्हटलं, पंच म्हणून माझी सही घ्या. आडनाव लिहून घ्या, पूर्ण.

"आणखी एक पंच लागेल," तलाठी म्हणाला. "गावातला."

गावातलं कुणी हललं नाही. ज्योतीराम मोबाईलमध्ये बघत होता. तेवढ्यात बायकांमधून रुक्मिणीबाई निघाली. मला वाटलं घरी चालली. ती मोठ्या धोंड्यापाशी आली, ज्याला तिच्या मुलानं डोळे बसवले होते त्याच्यापाशी, आणि चपला काढल्या. धोंड्याला पाठ लावली. ओठ हलत होते. सहा पावलं चालून ती उभी राहिली आणि तिथून पुढं हलली नाही.

"आई, तिथं काय करतेस?" ज्योतीराम म्हणाला.

"तुजा थोरला हाय हितं. दोन म्हयन्यांचा व्हता."

ज्योतीरामला भाऊ होता हे ज्योतीरामला ठाऊक नव्हतं. सासूनं सांगितलं होतं की घरी गेल्यावर हा विषय नाही, आणि रुक्मिणीबाईनं चाळीस वर्षं तो काढला नव्हता. मंदिराला मान डोलावतानाही काढला नव्हता.

मग शालनबाई निघाली. मग छडी टेकत एक म्हातारी, तिला सुनेनं धरलं होतं, तिनं सुनेचा हात सोडवला आणि एकटी मोजत गेली. कुणी पाच पावलं, कुणी वीस. कुणी मध्येच विसरली, परत धोंड्याशी आली आणि पहिल्यापासून मोजलं. दहा मिनिटांत माळभर बायका उभ्या होत्या, एकमेकींपासून लांब लांब, आपापल्या जागी, सगळ्या अनवाणी. मी मोजल्या, चौदा. त्यांची माणसं, मुलं, सुना कडेला नुसती बघत होती. साहेब फोन लावायला गाडीकडं गेले.

भूकरमापकानं टेप उलगडला. मॅडम एकेकीपाशी जाऊन लिहायला लागल्या. रुक्मिणीबाईपाशी आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, नाव?

"त्याचं बी बारसं ऱ्हाऊन गेलं," रुक्मिणीबाई म्हणाली. "दुखणं व्हतं त्याला." आणि तिनं कडेला उभ्या असलेल्या आपल्या मुलाला हाक मारली. "ज्योतीराम, हिकडं ये. चपला काढ आन् ये. तुज्या भावाला नाव ठिव."

ज्योतीरामनं बूट काढले. मोजेही काढले. तो आईपाशी आला, मॅडमच्या हातातल्या कागदाकडं बघत उभा राहिला.

"सावकाश," मॅडम म्हणाल्या. "मी थांबते."